काठोकाठ प्याला

३ नोव्हेंबर

उलानचा फोन आला. नेहमीसारखा गोदामातून, मागे गाड्यांचा आवाज. आधी हवा विचारली, मग तिलेकचे दात विचारले, मग म्हणाला, "अपा येतायत. याच महिन्यात, घाट बर्फाने बंद व्हायच्या आत."

मी म्हटलं, "येऊ देत की. सासू आहे, परकी का? राहू देत हवं तेवढं."

"राहायला नाही गं सायरा. तिलेकला न्यायला."

तिलेक खाली बसून लाकडी डाव चावत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

आमच्यात पहिलं नातवंड आजीआजोबांचं. आता सगळेच करतात असं नाही, पण मोठ्यांनी मागितलं तर सुनेने नाही म्हणायचं नसतं. मग ते मूल आजीला आई म्हणतं. जिने जन्म दिला तिला जेने म्हणतं, म्हणजे वहिनी. माझा तिलेक मला वहिनी म्हणेल.

सासरे वसंतात गेले. अपा एकट्याच आहेत त्या घरात. उलान म्हणाला, "शेजारी सांगतात, गायीशी बोलत बसते."

मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं, आई आहे माझी. तुम्ही दोघी बघा काय ते." मग कुणीतरी त्याच्यावर ओरडलं आणि फोन बंद झाला. माणूस रशियात बसून म्हणतो, तुम्ही दोघी बघा.

उलान गाडी शिकत होता तेव्हाची ही डायरी. पहिल्या पानांवर रस्त्यावरच्या पाट्यांची चित्रं काढलीत त्याने. पुढची कोरी होती. माझी शाळा आठवीत सुटली, हात वळत नाही. पण बोलू कुणाशी?

६ नोव्हेंबर

आज लागमानच्या शेवयांत मीठ दोनदा पडलं. कुणी बोललं नाही, पाणी पीत जेवले.

कामाला लांब जावं लागत नाही हे एक बरं. या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ऑफिस, मागची खोली माझी. ऑफिस चोल्पोन एजेचं. एजे म्हणजे थोरली बहीण. रक्ताची नाही, पण तिनेच खोली दिली, काम दिलं. मी दुपारचं जेवण करते, भांडी, केर. ती आणि लेशा नावाचा रशियन पोरगा कॉम्प्युटरवरचा खेळ बनवतात. गोष्ट एजेची, ती पडद्यावर हलती करायची लेशाने.

खेळात जुन्या काळचं डोंगरातलं गाव आहे. आपण त्यातलंच एक माणूस व्हायचं, हिंडायचं, लोकांशी बोलायचं. मधेमधे खेळ विचारतो, आता काय करणार? एजेला असा पेच पाहिजे की माणूस थांबला पाहिजे. आणि कुणी थांबतच नाही. आज जेवताना त्यावरूनच जुंपली.

"सगळ्यांना दिसतं चांगलं उत्तर कुठलं," एजे म्हणाली. "दाबलं बटण, चालले पुढे."

"मग वाईट उत्तराला घोडा दे. फुकट घोडा म्हटल्यावर बघ कसे थांबतात."

"तो बाजार झाला लेशा. पेच कुठे झाला?"

"बाई, लोकांना राक्षस मारायचेत. तू त्यांना सासवा देतेस."

सासू म्हटल्यावर माझ्या हातातली पळी पडली.

तेवढ्यात एजेचा फोन वाजला. रोज याच वेळी वाजतो. पडद्यावर नाव येतं, जेने. पलीकडचा आवाज मोठा आहे, मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. जेवलीस का, पायात लोकरीचं आहे का, खोकला गेला का. एजे म्हणते, हो, हो, ठेवते. दारावर आलेल्या विक्रेत्याशी बोलावं तसं. मी एकदा म्हटलं होतं, "भावाची बायको एवढी काळजी करते! नशीब काढलंत एजे." ती म्हणाली, "करते खरी," आणि ताट घेऊन उठली. काही लोकांना माया असून कळत नाही.

१० नोव्हेंबर

मला खेळायला बसवलं! एजे म्हणाली, "आत्तापर्यंत खेळणारेच बसवले. त्यांचे हात नुसते धावतात. तू बस."

"मोडलं तर?"

"मोडलं तर मी रडेन," लेशा म्हणाला. "तू कशाला घाबरतेस?"

तिलेक मांडीवर. बाणाची बटणं दाबली की पडद्यावरची बाई चालते. ती सून आहे, तिला तान्हं मूल आहे. मी तिला चुलीपाशी नेली, पाळण्यापाशी नेली, परत चुलीपाशी. लेशा कपाळावर हात मारून म्हणाला, "बाहेर मी एवढे डोंगर उभे केलेत आणि ही घरातच!"

मग दारात म्हातारी आली. खाली अक्षरं आली, "लेकरू मला दे. माझं घर रिकामं आहे." त्याखाली दोन ओळी. एक, देते. दुसरी, देत नाही.

मला वाटलं, एजेला कुणी सांगितलं? मी तर कुणालाच बोलले नव्हते. पण हे तिने कधीचंच लिहून ठेवलेलं.

मी बसून राहिले. माझ्या स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, वास आला, तरी उठवेना. लेशा म्हणाला, "अडकलं काय?" एजे म्हणाली, "शू." ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात तिलेकने दोन्ही हात बटणांवर आपटले. लागलं ते नेमकं, देते.

म्हातारीने पाळण्यातून मूल उचललं आणि दाराबाहेर चालू लागली. लेशा खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. "ज्याचं त्यानेच ठरवलं!"

मी ओरडले, "परत आण! आत्ताच्या आत्ता परत आण ते!"

लेशाने काहीतरी दाबलं आणि मूल पाळण्यात परत आलं. खेळात परत आणता येतं.

मग मी एजेला सगळं सांगितलं, अपा येतायत ते. ती अंगणात जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा लेशाला म्हणाली, "हा भाग काढून टाकते."

"आता? पहिल्यांदा कुणीतरी थांबलंय!"

एजेने मला विचारलं, "सायरा, हे राहिलं तर तुला त्रास होईल?"

मी म्हटलं, "तुमचं लिहिलेलं आहे, मी कोण?" तिने माझा हात दाबला. तिचे हात गार होते.

१५ नोव्हेंबर

शहरभर धूर. सगळी घरं कोळशावर, खिडकीत बोळे कोंबले तरी वास येतोच. काल तिलेक खोकून खोकून ओकला. दवाखान्यातली बाई म्हणाली, "धुरापासून लांब ठेवा." लांब म्हणजे कुठे, ते ती बोलली नाही.

अपांच्या गावी धूर नाही. गाय आहे. तिथे तो बरा होईल, खोकला थांबेल, हे मला कळत नाही असं नाही.

एक लिहिते, कुणी वाचू नये. तो ओकला तेव्हा माझ्या मनात आलं, नेऊ देत अपांना. मी झोपेन तरी. आणि लगेच त्याला इतकं घट्ट धरलं की तो रडला.

लांब ओश शहरात मावशी आहे, तिच्याकडे पळून जाता येईल. पण मग उलानला काय सांगू? अपांचं वाईट नसेल तर त्यांच्यापासून पळायचं कशाला? त्या दुष्ट असत्या तर बरं झालं असतं. माझ्या बाळंतपणात त्यांनी रोज पाय चोळून दिलेत माझे.

२१ नोव्हेंबर

अपा आल्या आणि गेल्या. मी काय करून बसले.

सकाळीच गाडी दारात. बाकीत काकांनी आणलं त्यांना. हे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, पण वयाने फार लहान, उलानपेक्षा थोडेच मोठे. अपांना जेने म्हणतात. गाडीतून उतरवताना बर्फावर त्यांच्यापुढे स्वतः पाय देऊन बघत होते, घसरतंय का. असा दीर मी बघितला नाही. आत आले नाहीत, "गाडीत बसतो" म्हणाले.

अपा वाळल्यात. त्यांनी लोणी आणलं, कुरूत म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे आणले, आणि तिलेकला मेंढीच्या कातड्याचा एवढासा कोट. स्वतः शिवलेला. त्यांनी तो अंथरुणावर पसरून ठेवला, बाह्या दोन्हीकडे नीट करून.

मी चहा ओतायला बसले. आमच्यात चहा थोडा ओततात, तळाशी. संपला की पाहुणा प्याला पुढे करतो, परत थोडा. असं कितीही वेळ. थोडा ओतला म्हणजे बसा, बोलू. काठोकाठ भरून दिला म्हणजे प्या आणि उठा. हे पोरीला चालायच्या आधी कळतं.

अपा म्हणाल्या, "सायरा, मी एक मागायला आलेय..."

तेवढ्यात तिलेक खोकला. मी त्याच्याकडे वळले. किटली हातात तशीच वाकडी. परत बघितलं तर प्याला काठोकाठ. वरून थेंब चटईवर.

अपांनी प्याल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी म्हणायला पाहिजे होतं, अपा, चुकून झालं, आणा तो इकडे. तोंड उघडलं नाही. त्यांनी प्याला दोन्ही हातांनी उचलला आणि सगळा प्यायल्या, एवढा गरम. रुमाल बांधला. "बरं पोरी," म्हणाल्या, आणि गेल्या. भाचीकडे उतरल्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

कोट इथेच राहिला.

२२ नोव्हेंबर

एजेला सांगितलं. लेशाला कळेना, "चहा जास्त दिला म्हणून म्हातारी रुसली?"

एजे त्याला म्हणाली, "तू पाणी पी." मग मला, "सायरा, खरं सांग. चुकून झालं?"

मी म्हटलं, "चुकूनच. म्हणजे बघत नव्हते. पण जड झालेली किटली हाताला कळते ना, हलकी झालेली पण कळते." मग म्हटलं, "मला माहीत नाही एजे. हात माझाच होता."

फोन वाजला, जेने. तिने वाजू दिला, थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

नंतर लेशाला म्हणाली, "त्या दोन ओळी काढ. देते, देत नाही, दोन्ही काढ."

"मग खेळणारा दाबणार काय?"

"किटली दे त्याच्या हातात."

लेशाने दोन्ही हात वर केले. "राक्षस गेले, घोडा गेला, आता चहा. विकायचं कसं हे, दुधासकट का बिनदुधाचं?" पण रात्री घरी गेला नाही, बनवत बसला.

२८ नोव्हेंबर

नवीन बनवलेलं मला दाखवलं. आता म्हातारी एकदम दारात येत नाही. आधी तिच्याबरोबर राहायचं. तीच लोणी काढायला शिकवते, मूल पडलं की तीच आधी धावते, आणि तुझी भाकरी करपली की शेजारणींना सांगते पण. चांगली आहे आणि डोकं पण उठवते. लेशा म्हणाला, "ती माझी आजी टाकलीय मी. भाकरीचं तिचंच."

मग ती मूल मागायला येते. समोर प्याला, हातात किटली. बटण दाबून धरलं की चहा पडतो, सोडलं की थांबतो. बस. कुठे लिहिलेलं नाही याचा अर्थ काय.

मी म्हटलं, "मी आधी एकदा केलंय हे, नको."

एजे म्हणाली, "नको तर नको. खरंच."

पण मी बसले. थोडासाच ओतला. म्हातारी प्यायली आणि बोलायला लागली. प्याला पुढे केला, परत थोडा. ती तिच्या घराचं बोलली, नवऱ्याच्या टोपीचं बोलली, ती खुंटीवरून काढवत नाही म्हणाली. परत थोडा. किटली हलकी होत होती. ती एवढं बोलेल असं वाटलं नव्हतं.

"भरून दिला असता तर?" मी विचारलं.

"तर ती उठून गेली असती," एजे म्हणाली. "मूल तुझ्यापाशी राहिलं असतं. हे काही ऐकायला मिळालं नसतं, आणि मिळालं नाही हे कळलंही नसतं."

"मग बरोबर कुठलं?"

"खेळ सांगणार नाही."

"तुम्हाला तरी माहितीये?"

"माहीत असतं तर खेळ कशाला बनवला असता?" ती हसली, पण नीट हसली नाही.

उद्या अपांकडे जाते. भाचीकडून कळलं, बाकीत काका परवा त्यांना गावी नेणार.

२९ नोव्हेंबर

तिलेकला कोट घालून नेलं. बस धरली. मला माहीत नव्हतं मी काय बोलणार. उतरेपर्यंत माहीत नव्हतं.

भाची म्हणाली, "या, आलात!" आणि मुलांना घेऊन बाहेर गेली, शहाणी आहे. अपांनी तिलेकला मांडीवर घेतलं, कोटाची बाही ओढून बघितली. "थोडी लांब झाली. चालेल, वाढेल." माझ्याकडे बघितलं नाही.

मी न विचारता किटली घेतली. तळाशी थोडा ओतला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

त्या प्याल्याकडे बघत राहिल्या. मग घेतला.

पुष्कळ बोलल्या. गायीशी बोलतात ते खरं आहे, "पण ती उत्तर देत नाही गं, बरी आहे." रात्री दोन ताटं वाढली जातात म्हणाल्या, हाताला सवय. मी ओतत राहिले. मग म्हणाल्या, "बाकीतला बघितलंस ना?"

"बघितलं. किती करतात तुमचं. दीर असावा तर असा."

"दीर नाही तो. माझा पहिला आहे."

मी किटली खाली ठेवली.

"सासूबाईंनी मागितला, मी दिला. मांडीवरून उचलून दिला. तेव्हापासून मी त्याची जेने. त्याला माहितीये, सगळ्या गावाला माहितीये. पण शब्द एकदा तोंडात बसला की बसला. आईच्या हातचं म्हणून जेवतो आणि उठताना म्हणतो, जेने, छान झालं होतं."

मला रडू आलं, रागही आला. म्हटलं, "मग अपा, तुम्हाला सगळं माहीत असून..."

"असून मागायला आले. हो. घरात पाय टाकवत नाही पोरी, खोटं कशाला बोलू?" तिलेकच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाल्या, "तुझा प्याला बघितला, आधी जीव जळला माझा. मग इथे येऊन पडले आणि वाटलं, मला तेवढंही सुचलं नव्हतं. मी सासूबाईंना अर्धा अर्धा ओतत बसले आणि पोरगा गेला. तू निदान भरलास."

त्यांनी प्याला पुढे केला. मी किटली परत उचलली. थोडाच ओतला. आणि म्हटलं, "अपा, तिलेक देणार नाही मी. पण उठू नका."

त्या उठल्या नाहीत. प्यायल्या.

मी म्हटलं, "उन्हाळ्यात वरच्या कुरणावर येते त्याला घेऊन. पूर्ण उन्हाळा. तिथेच राहते तुमच्याजवळ."

"उन्हाळा लांब आहे," अपा म्हणाल्या.

लांब आहेच. निघताना मी तिलेकचा कोट काढायला लागले, त्यांना परत न्यायचा असेल म्हणून. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि वरचं बटण लावलं. "थंडी इथे पण आहे."

१३ डिसेंबर

घाट बंद झाला. अपा गावी आहेत. फोनवर आवाज बारीक येतो. बाकीत काका रोज रात्री त्यांच्याकडे जेवायला जातात म्हणे. दुसरं ताट त्यांचं. अजून जेनेच म्हणतात.

उलान आधी चिडला, मग रडला, मग म्हणाला, "बरोबर केलंस का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. तिलेकचा खोकला आहेच. तो खोकला की मला गावची हवा आठवते, आणि अपांचं ते दुसरं ताट आठवतं. तो कुशीत आला की काही आठवत नाही.

आज दुपारी दार वाजलं. एक म्हातारी होत आलेली बाई, हातात बोरसोकच्या तळलेल्या पुऱ्यांची पिशवी. "चोल्पोन आहे का? मी तिची जेने." फोन उचलत नाही म्हणून घाबरून आलेली, दोन बस बदलून. एजे उठून उभी राहिली आणि नुसती उभीच राहिली. लेशा न सांगता डोक्यावर टोपी घालून बाहेर गेला, अंगणात बर्फ काढायला. कधी फावड्याला हात लावत नाही तो.

मी चहा घेऊन गेले. ओतायला बसणार, तर एजेने माझ्या हातून किटली घेतली. "मी ओतते," म्हणाली.

थोडासाच ओतला. तळाशी. दोन्ही हातांनी दिला.

त्या बाईने प्याल्याकडे बघितलं आणि खांद्यावरची शाल काढून बाजूला ठेवली. मी समोर होते. तिच्या भुवया मधे जुळलेल्या, डावी जरा वर. मी एजेकडे बघितलं. त्याच भुवया.

मग स्वयंपाकघरात आले आणि मोठं पातेलं भरून पाणी ठेवलं. एका किटलीत भागणार नव्हतं.